पुड्या संपल्या, तरी ‘ड’ जीवनसत्त्व कमीच! तपास कुठून सुरू करावा?

ठाण्यात वर्तकनगरला आमचे औषधांचे दुकान आहे. काउंटरमागे उभे राहून एक तक्रार मी इतक्या वेळा ऐकली आहे की, समोरच्या माणसाने पिशवीतून अहवाल बाहेर काढण्याआधीच ती ओळखू येते. ‘आठवड्याला एक अशा आठ पुड्या घेतल्या, एकही चुकवली नाही, तरी व्हिटॅमिन डी चौदाच आले. यापेक्षा स्ट्राँग काही आहे का?’ घोटाळ्याला खरी सुरुवात होते ती या शेवटच्या प्रश्नापासून. आकडा वर न येण्यामागे औषध कमजोर असणे हे कारण क्वचितच निघते. बहुतेक वेळा हिशेब चुकलेला असतो. कधी मोजण्याचा, कधी घेण्याचा, तर कधी पाकिटावर काय छापले आहे हे न वाचल्याचा. म्हणून तपास क्रमाने करावा, साध्या कारणांपासून सुरुवात करावी आणि आजारांची शंका त्यानंतर घ्यावी. पुढचा मजकूर प्रौढांसाठी आहे. लहान मुले, गर्भवती स्त्रिया आणि मूत्रपिंडाचे रुग्ण यांचे गणित वेगळे असते. त्यांनी थेट डॉक्टरांशीच बोलावे.

पायरी १ : अहवाल पुन्हा वाचावा

सर्वांत आधी तपासणीचे नाव पाहावे. शरीरातला साठा दाखवणारी तपासणी ‘२५-हायड्रॉक्सी व्हिटॅमिन डी’ ही आहे. तिच्याच शेजारी ‘१,२५-डायहायड्रॉक्सी’ नावाची दुसरी तपासणी असते. ती मूत्रपिंडात तयार होणारे सक्रिय रूप मोजते आणि साठा रिकामा होत आला असतानाही ती सामान्य किंवा वाढलेली येऊ शकते. कमतरता ठरवण्यासाठी तिचा उपयोग नाही.

दुसरी गोष्ट एककाची. आपल्याकडे बहुतेक प्रयोगशाळा नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर हे एकक वापरतात, तर परदेशातील अनेक अहवालांत नॅनोमोल प्रति लिटर असते. पहिल्या आकड्याला अडीचने गुणले की दुसरा मिळतो, म्हणजे २० नॅनोग्रॅम आणि ५० नॅनोमोल हे एकच. दुबईहून परतलेल्या एका गृहस्थांनी तिकडचा ४८ आणि इकडचा २१ असे दोन अहवाल शेजारी ठेवून, ‘सहा महिन्यांत निम्म्यावर आले’ म्हणून मला चिंतेने दाखवले होते. प्रत्यक्षात त्यांचा आकडा किंचित वाढला होता.

तिसरी गोष्ट तारखेची, आणि इथे जरा थांबले पाहिजे. रक्तातील या घटकाचे अर्धायुष्य, म्हणजे प्रमाण निम्म्यावर यायला लागणारा काळ, साधारण दोन ते तीन आठवड्यांचे असते. याचा अर्थ असा की, नवी मात्रा सुरू केल्यावर पातळी स्थिरावायला सुमारे तीन महिने लागतात आणि मात्रा थांबवल्यावर ती त्याच रीतीने हळूहळू ओसरते. तीन पुड्या झाल्यावर तपासले तर आकडा अर्ध्या वाटेवर असतो. आमच्या शेजारच्या इमारतीतील एका काकूंचे उलटे झाले होते. जानेवारीत पातळी ११ आली, मार्चपर्यंत आठ पुड्या झाल्या, पुढे काय घ्यायचे हे त्यांनी विचारले नाही आणि कोणी सांगितलेही नाही. मग दिवाळीनंतर तपासले तेव्हा १४. मधे आठ महिने गेले होते, त्यात अख्खा पावसाळा होता. त्या पुड्या वाया गेल्या नव्हत्या. मे महिन्यात तपासले असते तर आकडा बहुधा चांगला दिसला असता. साठा भरण्यासाठी आठ आठवड्यांचा कोर्स असतो आणि भरलेला साठा टिकवण्यासाठी पुढे डॉक्टरांनी ठरवलेली लहान मात्रा असते. कोर्स संपला म्हणजे औषध संपले, असे धरून चालणारे लोक फार आहेत.

तपासणी शक्यतो दोन्ही वेळा एकाच प्रयोगशाळेत करावी, कारण प्रयोगशाळांच्या पद्धती वेगवेगळ्या असतात आणि त्याच रक्ताचे आकडे दोन ठिकाणी थोडेफार वेगळे येऊ शकतात. तापातून, डेंगीतून किंवा शस्त्रक्रियेतून नुकतेच उठलेल्या माणसाने घाई करू नये. शरीरात दाह (आजारामुळे येणारी अंतर्गत सूज) असताना हा आकडा खाली गेलेला दिसतो. केसांसाठी बायोटिनच्या मोठ्या मात्रेच्या गोळ्या चालू असतील, तर ते प्रयोगशाळेला आधी सांगावे, कारण काही यंत्रांवर त्यामुळे निकाल चुकतो.

आता ‘कमी’ कशाला म्हणायचे, हेही एकदा पाहून घ्यावे. अहवालावर ३०च्या खाली सगळेच ठळक अक्षरांत छापून येते आणि माणूस घाबरतो. अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने हाडांच्या आरोग्यासाठी २० ही पातळी जवळजवळ सर्वांना पुरेशी मानली होती. ३०चा आग्रह धरणाऱ्या एंडोक्राइन सोसायटी या संप्रेरकतज्ज्ञांच्या संस्थेने २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत तो आग्रह सोडला आणि निरोगी प्रौढांनी ही तपासणी नेमाने करण्याचे कारण नाही, असेही म्हटले. तेव्हा २६ आकडा आला म्हणून झोप उडवून घेऊ नये. ९ किंवा १२ असेल आणि तो उपचारानंतरही हलत नसेल, तर मात्र पुढच्या पायऱ्या जरूर कराव्यात.

पायरी २ : पाकीट, पट्टी आणि बाटली वाचावी

दुकानात मी हेच आधी करतो. अहवाल बाजूला ठेवतो आणि म्हणतो, ‘काकू, जे घेता ते सगळे उद्या घेऊन या, रिकाम्या पट्ट्यासुद्धा.’ दुसऱ्या दिवशी दहापैकी निदान दोघांच्या पिशवीतून असे काही निघते की, पुढचे काही शोधावेच लागत नाही.

पट्टीच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरांत घटक छापलेले असतात. तिथे ‘कोलेकॅल्सिफेरॉल’ लिहिलेले असेल, तर ते डी-३. ‘एर्गोकॅल्सिफेरॉल’ असेल, तर डी-२. यीस्ट किंवा अळिंबीपासून मिळणारे हे रूप पातळी वर नेते, पण डी-३ इतके टिकवून धरत नाही, आणि काही तपासणी पद्धती ते पूर्ण मोजतही नाहीत. ‘कॅल्सिट्रायॉल ०.२५ मायक्रोग्रॅम’ किंवा ‘अल्फाकॅल्सिडॉल’ असेल, तर कोडे तिथेच सुटते. ही सक्रिय किंवा अर्धसक्रिय रूपे आहेत. मूत्रपिंड नीट काम करत नसणाऱ्यांना ती लागतात, पण त्यांनी २५-हायड्रॉक्सीचा साठा भरत नाही. माणूस वर्षभर अशी गोळी नेमाने घेतो, पाकिटावर मोठ्या अक्षरांत ‘व्हिटॅमिन डी’ वाचून समाधानी राहतो आणि तपासणीचा आकडा जागचा हलत नाही, कारण तो आकडा ज्या घटकाचा आहे तो घटक त्या गोळीत नाहीच. मात्र ही गोळी डॉक्टरांनी मूत्रपिंडासाठी किंवा रक्तातील कॅल्शियम सांभाळणाऱ्या पॅराथायरॉइड ग्रंथीच्या विकारासाठी दिलेली असू शकते. तेव्हा ती परस्पर बंद करू नये, विचारून घ्यावे.

नाव जुळले की मात्रा पाहावी. पाकिटावर ती मायक्रोग्रॅममध्ये किंवा आय.यू. (इंटरनॅशनल युनिट) या एककात असते; १ मायक्रोग्रॅम म्हणजे ४० आय.यू. कॅल्शियमच्या नेहमीच्या गोळीत डी-३ पुष्कळदा २५० आय.यू. असते. दिवसाला दोन गोळ्या धरल्या तरी ५०० आय.यू. होतात. ढोबळ अंदाजाने रोजच्या १,००० आय.यू.ने काही महिन्यांत पातळी ६ ते १० नॅनोग्रॅमने वाढते, म्हणजे या दोन गोळ्यांनी वाढ ३ ते ५ची. १०वर असलेला माणूस त्यातून १४वर पोहोचेल आणि ‘काही फरक नाही’ म्हणेल. फरक पडला आहे, मात्रेला शोभेल इतकाच. आयसीएमआर आणि राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० मध्ये प्रौढांसाठी सुचवलेले रोजचे प्रमाण ६०० आय.यू. आहे, पण ते निरोगी माणसाच्या दैनंदिन गरजेसाठी आहे. रिकामी टाकी भरण्यासाठी नाही.

६०,००० आय.यू.च्या पुडीचा हिशेबही असाच मांडावा. आठवड्याला एक घेतली तर दिवसाला सरासरी सुमारे ८,५०० पडतात; महिन्याला एक घेतली तर २,०००. चिठ्ठीवर ‘आठवड्यातून एकदा’ लिहिलेले असताना घरी ‘महिन्याला एक’ घेतली गेली, असे आमच्याकडे वारंवार दिसते, आणि याच्या उलट झाल्याचेही एकदा पाहिले आहे. ते अधिक काळजीचे. पुडी रोज घेतली जात होती. त्यांना मी त्याच दिवशी डॉक्टरांकडे पाठवले.

शाकाहारी मंडळींसाठी थोडे विषयांतर करतो. बहुतेक डी-३ मेंढीच्या लोकरीतील मेणापासून काढतात आणि मऊ कॅप्सूलचे वेष्टन पुष्कळदा जिलेटिनचे असते. हे कळल्यावर कॅप्सूल गुपचूप बंद करणारे काही जण मला माहीत आहेत. बंद करू नका, सांगा. दगडफूल ज्या वर्गात मोडते त्या लायकेनपासून काढलेले डी-३ आता मिळते आणि जिलेटिनऐवजी पुडीचाही पर्याय आहे.

पायरी ३ : कशाबरोबर घेतले, हे आठवावे

‘ड’ जीवनसत्त्व स्निग्धात विरघळते. जेवणात तेल-तूप असेल तर ते आतड्यात चांगले शोषले जाते. नुसत्या पाण्याबरोबर रिकाम्या पोटी घेतले तर त्यातला बराच भाग वाया जाऊ शकतो. आता लोक ही आठवड्याची पुडी कधी घेतात? विसरू नये म्हणून वार ठरवतात, आणि वार ठरवायचा तर गुरुवार किंवा संकष्टी डोळ्यांसमोर येते. म्हणजे ऐन उपवासाच्या दिवशी सकाळी, कोऱ्या चहाआधी, पाण्यात घोळून! लक्षात ठेवण्याची युक्ती उत्तम, पण दिवस नेमका चुकीचा. त्यापेक्षा रविवारचे दुपारचे जेवण धरावे. वरण-भातावर तूप असते, नाहीतर बांगड्याचे कालवण असते. पुडी साय न काढलेल्या दुधात ढवळून जेवणाला लागूनच प्यावी. पेल्याच्या तळाशी पांढरा साका राहिला, तर त्यात पुन्हा दूध घालून तेही प्यावे. रोजची गोळी असेल तर ती दिवसाच्या सर्वांत मोठ्या जेवणाबरोबर घ्यावी.

काही औषधे हे शोषण अडवतात. वजन कमी करण्यासाठीचे ऑर्लिस्टॅट हे त्यांतले एक आणि कोलेस्टेरॉलसाठीचे कोलेस्टिरामीन दुसरे. तिसरे मात्र ज्येष्ठांच्या घरात हमखास सापडते, ते म्हणजे पोट साफ होण्यासाठी रात्री घेतले जाणारे लिक्विड पॅराफिनचे पांढरे औषध. कित्येक जण ते वर्षानुवर्षे रोज घेतात आणि ते ‘औषध’ आहे असे त्यांना वाटतही नाही, त्यामुळे डॉक्टरांना सांगतही नाहीत. पॅराफिन आतड्यात न शोषले जाणारे तेल आहे, आणि स्निग्धात विरघळणारी जीवनसत्त्वे त्याच्याबरोबर बाहेर जातात.

पायरी ४ : उन्हाचा हिशेब घड्याळाने नको, सावलीने करावा

‘रोज सकाळी सात वाजता उपवन तलावाला फिरायला जातो, कोवळे ऊन अंगावर घेतो, तरी कमी कसे?’ हा प्रश्न अगदी प्रामाणिक असतो. कोवळे ऊन सुखाचे असते, चालणे तर उत्तमच, पण त्वचेत ‘ड’ जीवनसत्त्व तयार करणारे अतिनील-बी किरण सूर्य खाली असताना वातावरणातच मोठ्या प्रमाणात शोषले जातात. खूण सोपी आहे. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड असेल, तेव्हा ते किरण पुरेसे पोहोचत असतात. लांब असेल तेव्हा फारच कमी.

ठाणे साधारण १९.२ अक्षांशावर आहे आणि आपला सूर्य माथ्यावर येतो तो बाराला नव्हे, साडेबाराच्या सुमारास. मे महिन्यात सावली सकाळी साडेनऊच्या आसपासच उंचीएवढी होते आणि दुपारी साडेतीनपर्यंत आखूड राहते. मेच्या मध्यावर शून्य सावलीचा दिवस येतो, तेव्हा तर ती पायाखालीच जाते. डिसेंबरच्या अखेरीस मात्र ही संधी पावणेबारा ते दीड एवढीच असते. म्हणून उन्हाळ्यात दहाच्या सुमारास, डोक्याला टोपी घालून, हात-पाय उघडे ठेवून थोडा वेळ बाहेर पडावे आणि थंडीत दुपारच्या सुट्टीत पडावे. किती मिनिटे, याचे एक उत्तर सर्वांना लागू पडत नाही. सावळ्या त्वचेला गोऱ्या त्वचेपेक्षा जास्त वेळ लागतो आणि वय वाढले की त्वचेची ही क्षमता घटते. त्वचा लाल होईपर्यंत किंवा चक्कर येईपर्यंत उभे राहण्यात काहीच मिळत नाही.

आपल्या भागातील दिनक्रमच या उन्हाला चुकवणारा आहे. घोडबंदर रस्त्यावरील वीस-पंचवीस मजल्यांच्या इमारतींत खिडकीशी ऊन येते खरे, पण साधी काच अतिनील-बी किरण जवळजवळ सगळे अडवते. काचेमागचे ऊन ऊब देते, जीवनसत्त्व देत नाही. ऐरोली किंवा महापेच्या कंपनीत काम करणारा माणूस सकाळी आठची ट्रान्स-हार्बर गाडी पकडतो, दिवसभर काचेच्या इमारतीत बसतो, डबा कँटीनमध्ये खातो आणि दिवेलागणीला ठाणे स्थानकावर उतरतो. त्याच्या अंगावर आठवडाभरात आखूड सावलीचे ऊन पडलेले नसते. जून ते सप्टेंबर हे ढगांचे चार महिने त्यात आणखी मिळवावेत. अशा माणसाने औषधाचा कोर्स केला आणि सोडला, तर पातळी परत खाली येणार हे गृहीत धरूनच पुढची मात्रा डॉक्टरांना विचारून ठेवावी.

आहाराचा आधार लहान आहे. एका अंड्याच्या बलकात ४० आय.यू.च्या आसपास मिळतात. ‘एफ’ची निळी खूण असलेल्या पिशवीतल्या दुधात लिटरमागे ५ ते ७.५ मायक्रोग्रॅम असते, म्हणजे पेलाभर दुधातून ४० ते ६० आय.यू. बांगडा आणि तारली त्यामानाने बऱ्या. केवळ जेवणातून कमतरता भरून काढणे कठीणच.

पायरी ५ : आता शरीराकडे वळावे

वरचे चारही हिशेब जुळले, मात्रा योग्य होती, तीन महिने नेमाने आणि जेवणाबरोबर घेतली, तरीही पातळी हलली नाही, तर कारण शरीरात शोधावे लागते आणि ते काम डॉक्टरांचे आहे. आपण त्यांना नेमकी माहिती द्यायची.

सर्वांत सामान्य कारण वजनाचे आहे. हे जीवनसत्त्व चरबीत पसरते, त्यामुळे स्थूल व्यक्तीच्या रक्तात तीच मात्रा कमी आकडा दाखवते. अशांना दुप्पट-तिप्पट मात्रा लागू शकते. आतड्याचे विकार हे दुसरे. वारंवार जुलाब, पोट फुगणे, न हटणारा ॲनिमिया किंवा नकळत उतरणारे वजन यांतले काही सोबत असेल, तर ते आवर्जून सांगावे; गव्हातील ग्लुटेन न सोसणारा सीलिॲक आजार प्रौढपणीही उघडकीला येतो आणि कधी कधी त्याची पहिली खूण ‘न चढणारे डी’ हीच असते. वजन घटवण्याची शस्त्रक्रिया, स्वादुपिंडाचे जुने दुखणे आणि पित्तप्रवाहाचे अडथळे यांतही स्निग्ध पदार्थ नीट शोषले जात नाहीत. अशा वेळी डॉक्टर पाण्यात मिसळणारे द्रवरूप औषध निवडू शकतात.

चालू औषधांचीही यादी द्यावी. क्षयरोगाच्या उपचारातील रिफॅम्पिसिन आणि फिटांवरची फेनिटॉइन, कार्बामॅझेपिन, फेनोबार्बिटोन ही औषधे यकृताला हे जीवनसत्त्व लवकर मोडायला लावतात. दीर्घकाळची स्टेरॉइड्सही त्यात अडथळा आणतात. त्यासाठी मूळ औषध थांबवायचे नसते, ‘ड’ जीवनसत्त्वाची मात्रा बदलायची असते. यकृत आणि मूत्रपिंड यांचे जुने विकार असतील तर तेही सांगावेत. लघवीतून प्रथिने जाणाऱ्या विकारात या जीवनसत्त्वाला रक्तात वाहून नेणारे प्रथिनच निघून जाते. मॅग्नेशियमच्या कमतरतेचाही उल्लेख होतो, कारण जीवनसत्त्वाचे रूपांतर करणाऱ्या विकरांना (एन्झाइम्सना) ते लागते. पण म्हणून सरसकट मॅग्नेशियमच्या गोळ्या सुरू करण्यात अर्थ नाही.

डॉक्टर बहुधा कॅल्शियम, फॉस्फरस, अल्कलाइन फॉस्फटेज, क्रिॲटिनिन आणि पॅराथायरॉइड संप्रेरक या तपासण्या सांगतील. यातून एक महत्त्वाची गोष्ट कळते. ‘ड’ कमी आणि कॅल्शियम मात्र जास्त, असे निघाले तर आणखी पुडी घेणे हे उत्तर नसते. पॅराथायरॉइड ग्रंथीचा विकार किंवा सारकॉइडोसिससारखा आजार आधी पाहावा लागतो.

पायरी ६ : मनाने मात्रा वाढवू नये

एका पुडीने होत नाही म्हणून दोन, किंवा ‘इंजेक्शनच द्या, भानगड नको’ ही मागणी आम्ही रोज ऐकतो. हे जीवनसत्त्व शरीरात साठते, जास्तीचे लघवीवाटे निघून जात नाही. ऑस्ट्रेलियात सत्तरीपुढच्या स्त्रियांना वर्षातून एकदाच ५ लाख आय.यू. दिले गेले, तेव्हा त्या गटात पडण्याचे आणि हाडे मोडण्याचे प्रमाण कमी होण्याऐवजी वाढले. तो अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. फार जास्त पातळीत, विशेषतः १५०च्या पुढे, रक्तातील कॅल्शियम वाढते. मळमळ, फार तहान, वारंवार लघवी, बद्धकोष्ठता आणि गोंधळलेपणा ही त्याची लक्षणे असतात आणि मूत्रपिंडाला इजा होऊ शकते. रक्तदाबाच्या गोळीत हायड्रोक्लोरोथायाझाइड किंवा क्लोरथॅलिडोन असेल, मुतखड्याचा इतिहास असेल, किंवा हृदयासाठी डिगॉक्सिन चालू असेल, तर कॅल्शियम आणि ‘ड’ यांची जोडी विचारल्याशिवाय घेऊ नये.

दवाखान्यात जाताना एका प्लास्टिकच्या पिशवीत दोन्ही अहवाल, चालू गोळ्यांच्या पट्ट्या, रिकामी पाकिटे, प्रोटीन पावडरचा किंवा मल्टिव्हिटॅमिनचा डबा आणि पोट साफ होण्याचे औषध असे सगळे भरून न्यावे. सोबत अर्ध्या पानावर पहिली पुडी आणि शेवटची पुडी कोणत्या तारखेला घेतली, कशाबरोबर घेतली, किती चुकल्या आणि मधल्या काळात कोणता आजार झाला, एवढे लिहून न्यावे. तारखा आठवत नसतील तर ज्या दुकानातून औषध घेतले तिथे बिलाची नोंद मागावी. वर सांगितलेल्या काकूंच्या कोर्सच्या तारखा आम्ही अशाच बिलांवरून काढल्या होत्या. शेवटचे बिल ११ मार्चचे निघाले.